पिशवी काढायची, की पाळी शिकवायची?

आजचा विषय ऐकून कोणी रेडिओचा कान पिळू नका. सासरे समोर बसले असतील तर आवाज थोडा कमी करा, पण ऐका.

फेब्रुवारी १९९४ ची गोष्ट. मी तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात शाळेवर होते. नागपूरचा पेपर दुपारच्या एस.टी.नं यायचा आणि संध्याकाळी मी तो आईला वाचून दाखवायचे. त्या दिवशी पुण्याची बातमी होती. पुणे जिल्ह्यात शिरूरला मतिमंद मुलींचं सरकारी वसतिगृह होतं. तिथल्या मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांच्या गर्भपिशव्या काढल्या जात होत्या. आजार काही नव्हता. कारण एवढंच दिलं होतं, की या मुलींना पाळीच्या दिवसांत स्वतःची स्वच्छता राखता येत नाही.

आईनं ती बातमी मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "आपल्या पोरीचं बी तिथं होते का, विचारून पाह्य ना व."

माझी धाकटी बहीण तेव्हा वीस वर्षांची होती. तिला डाउन सिंड्रोम आहे, पण हे नाव आम्हाला फार उशिरा कळलं. गावात तिला 'भोळी' म्हणत, आणि भांडण झालं की 'बह्याड'. चौदाव्या वर्षी तिला पाळी आली आणि आईचे हाल सुरू झाले. रोवण्याच्या दिवसांत आई सकाळी सहाला बांधीवर जायची ती अंधार पडता यायची. घरी धाकटी एकटी. कपडा कुठे घ्यायचा, कधी बदलायचा, वापरलेला कुठे ठेवायचा, यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. एकदा ती भिजलेला कपडा हातात घेऊन थेट बांधीवर आली. आईला दाखवायला. तिथं गडीमाणसं होती. आईनं तिला सगळ्यांदेखत मारलं. तेव्हा ज्या आया म्हणत होत्या की ससूनमध्ये चाललंय ते बरंच चाललंय, त्या दुष्ट होत्या असं मला आजही म्हणवत नाही. माझीच आई त्यांच्यातली होती.

पण पुण्या-मुंबईतल्या स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. अपंगांसाठी काम करणारी माणसं आली, काही डॉक्टरही आले. ओरडा एवढा झाला की मुख्यमंत्री शरद पवारांनी पुढच्या शस्त्रक्रिया थांबवायला लावल्या. तोवर अकरा जणींच्या झाल्या होत्या. डॉ. अनंत फडके आणि इतर काहींनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. आंदोलनातल्या बायांचा प्रश्न साधा होता: या मुलींना पाळी सांभाळता येत नाही म्हणता, तर त्यांना ती शिकवायला कोणी बसलं होतं का? किती जणींना पुरेसे कपडे मिळत होते? किती मुलींमागे एक सेविका होती? नोकरमाणसं कमी पडतात म्हणून शरीराचा अवयव काढायचा, हा कुठला हिशोब?

आणि आणखी एक गोष्ट त्यांनी बोलून दाखवली, जी आमच्या घरात कोणाच्या तोंडी आली नव्हती. पिशवी काढली की पाळी थांबते, दिवस राहायचे थांबतात. कोणी अंगाला हात लावायचा थांबत नाही. उलट जे झालं ते कधी उघडकीलाच येत नाही. २०११ मध्ये पनवेलजवळच्या एका खाजगी बालगृहातल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं. त्यात मूकबधिर मुली होत्या, बुद्धीनं मागे असलेल्याही होत्या. २०१३ मध्ये गुन्हेगारांना शिक्षा झाली. तेव्हा मला ते १९९४ चे मोर्चे आठवले.

हे 'काढून टाका' प्रकरण आपल्याकडे शिरूरला जन्मलं नाही. ते फार लांबून आलेलं आहे. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कॅरी बक नावाच्या एका तरुण बाईची नसबंदी करायला सरकारला मुभा दिली. ती मंदबुद्धी आहे, तिची आई तशीच होती, तिची तान्ही पोरगीही तशीच निघणार, असं ठरवून टाकलं. पुढे कळलं की कॅरीच्या बुद्धीत काही कमी नव्हतं. ती जिथं राहत होती त्या घराच्या एका नातलगानं तिच्यावर जबरदस्ती केली होती आणि दिवस गेले म्हणून तिला संस्थेत टाकलं होतं. तिची पोरगीही शाळेत चांगली शिकत होती. त्या निकालाच्या आडोशानं अमेरिकेत हजारो बायापुरुषांच्या नसबंद्या झाल्या. जर्मनीत १९३३ ला तसा कायदा आला. स्वीडनसारख्या शहाण्या म्हणवणाऱ्या देशात असा कायदा १९३४ पासून १९७५ पर्यंत होता.

गंमत बघा, त्याच १९२७ च्या जुलैमध्ये मुंबईत र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. शरीराबद्दल, संततिनियमनाबद्दल मराठीत उघड बोलायचं, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी खटले सोसले, दंड भरले, आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत अंक काढत राहिले. मराठीतलं शरीरशिक्षण त्यांनी सुरू केलं असं म्हणायला हरकत नाही. पण ते ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी होतं. आमच्या धाकटीसारख्यांपर्यंत ते पोचायची सोय नव्हती, आणि कोणाला तशी गरजही वाटली नव्हती. सरकारच्या लेखी तर अशी माणसं फक्त एका कायद्यात होती. १९१२ चा वेड्यांचा कायदा. त्यात वेडा म्हणजे कोण, तर जन्मतः मंदबुद्धी असलेलाही त्यातच. आजार वेगळा आणि जन्मापासूनची बुद्धीची मंद गती वेगळी, एवढा साधा फरक कायद्यानं १९८७ मध्ये केला. तोवर आमच्या चांदा जिल्ह्यातल्या माणसाला कोणी सांगायचं तर एकच सांगायचं, नागपूरच्या पागलखान्यात नेऊन दाखवा.

आता आपल्या मुलखाकडे येते.

आपल्याकडे अपंगाच्या हाताला काम देण्याची गोष्ट आनंदवनानं वरोऱ्याला फार आधी सुरू केली. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली, पुढे तिथं अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा झाल्या, अपंगांसाठी संधीनिकेतन झालं. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ च्या डिसेंबरपासून. त्यांनी आधी माडिया भाषा शिकली आणि मग दवाखाना चालवला. हे मी मुद्दाम सांगते. रोग्याला आपली भाषा समजत नसेल तर चूक रोग्याची नाही, हे आपल्या भामरागडच्या जंगलात पन्नास वर्षांपूर्वी कळलेलं होतं. गोंडी-माडियाबद्दल कळलं. ज्याची बोलीच अर्धी आहे, त्याच्याबद्दल मात्र कळायला वेळ लागला.

मग १९८६ मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग गडचिरोलीला आले. गडचिरोली जिल्हा तेव्हा चार वर्षांचा, १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झालेला. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोग होते. एकेकीला सरासरी तीनहून जास्त. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात आठ. त्याआधी बायांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच सरकारला दिसायचं. बाया बोलत नव्हत्या, म्हणून दुखत नाही असं धरलं होतं.

मी ते आकडे पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या मनात वेगळाच हिशोब आला. ज्या बायांना बोलता येतं, नांदत्या आहेत, चार लेकरं झालीत, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मग आमच्या धाकटीला कोण विचारणार? तिला जळजळ होते, खाज सुटते, पोटात कळ येते, हे तिला सांगता येत नाही. ती फक्त चिडते, भिंतीवर डोकं आपटते, जेवत नाही. आणि आम्ही म्हणतो, आज हिचं डोकं फिरलंय.

मी खोटं बोलणार नाही. आंदोलनाच्या बातम्या वाचूनही मी आईबरोबर धाकटीला घेऊन एका डॉक्टरकडे गेले. कुठल्या गावचे ते सांगत नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, तासाभराचं काम आहे, अमुक तारखेला उपाशीपोटी आणा. मी विचारलं, हिला सांगायचं काय? ते म्हणाले, हिला काय समजते? ठरलेल्या दिवशी गेलो. तिला हिरवा झगा घालायला घेतला आणि तिनं जी किंकाळी फोडली ती मी विसरलेले नाही. दोन नर्सा आणि आम्ही दोघी मिळून तिला धरता येईना. आई रडायला लागली आणि म्हणाली, चला घरी. माझी बहीण अशी वाचली. तत्त्वबित्त काही नव्हतं त्यात.

मोठी शस्त्रक्रिया ती. पोट फाडायचं, भूल द्यायची, महिनाभर वजन उचलायचं नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांच्या बातम्या आल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. पाळीच्या दिवसांत मजुरी बुडू नये म्हणून धडधाकट बायांनी अवयव काढून घेतले. शिरूर आणि बीड यांच्यामध्ये पंचवीस वर्षं गेली. बाईच्या शरीराची अडचण झाली की अवयव काढा, ही सवय तशीच राहिली.

गावच्या नर्सबाईंनी रस्ता दाखवला. त्या म्हणाल्या, पोरगी चूल सारवते ना? भाकरीला पीठ मळते? मग पाळी शिकणार नाही कशावरून? चूल सारवायला ती कशी शिकली? आई म्हणाली, रोज माझ्याबरोबर बसून. नर्सबाई म्हणाल्या, मग हेही तसंच.

आम्ही कसं केलं ते सविस्तर सांगते, कारण ज्यांच्या घरी अशी लेक आहे त्यांना हेच हवं असतं. पाळी नसतानाच सुरू केलं. जुन्या लुगड्याचे एकसारखे बारा तुकडे, सगळे निळ्या काठाचे. एका दुरडीत ठेवले आणि दुरडीची जागा कधीच बदलली नाही. एका तुकड्यावर कुंकवाचं पाणी टाकून आई तिला दाखवायची, लाल दिसलं की बदलायचं. घडी कशी, लावायचा कसा, हे आईनं आधी स्वतःवर दाखवलं. आईला लाज वाटली. आयुष्यात आरशापुढे उभी न राहिलेली बाई ती. पण दाखवलं. मग धाकटीचा हात हातात घेऊन, मग नुसतं बोटानं दाखवून, मग नुसतं 'दुरडी' म्हणून. सकाळी चहानंतर, दुपारी जेवल्यावर, दिवेलागणीला, झोपताना. घड्याळ तिला कळत नाही, चहा कळतो.

सगळ्यात अवघड गेलं ते हे, की ही गोष्ट चारचौघांत दाखवायची नाही. रक्त आलं की ती सगळ्यांना सांगत सुटायची. तिला वाटायचं जखम झाली. आम्ही ओसरीवर रांगोळीनं बाईचं चित्र काढायचो. डोकं, हात, पाय सगळ्यांना दिसले तरी चालते. लुगड्याखालचं आई, बहीण आणि नर्सबाई सोडून कोणाला दाखवायचं नाही, आणि कोणाला हात लावू द्यायचा नाही. लावला तर ओरडायचं. तो नातलग असला तरी ओरडायचं. हे शिकवताना आई म्हणाली, हे मला कोणी शिकवलं नव्हतं व. मी काही विचारलं नाही.

पूर्ण शिकायला दोन वर्षं लागली. मधे चार महिने असे गेले की शिकलेलं सगळं विसरली. आईचं भांडं आपटणं आणि माझं तिच्यावर खेकसणं, तेही झालं. पण चाळीशीपर्यंत ती आपली पाळी आपण सांभाळत होती, हे मी लग्नाच्या मांडवात ज्या बाया 'हिला काय समजते' म्हणाल्या त्यांना सांगत आले.

एटापल्लीकडे आणि धानोऱ्याकडे कुर्मा घरं आहेत, पाळीच्या बाईनं गावाबाहेर त्या झोपडीत राहायचं. मी तिथं दोनदा गेले. सापा-विंचवाची भीती, पावसात गळणारं छत. अशा ठिकाणी समज कमी असलेल्या पोरीला एकटीला ठेवणं मला अजिबात मान्य नाही, तिथल्या बायांनाही मी तसं सांगितलं. पण तिथल्याच एका म्हातारीनं मला सांगितलं की तीन-चार बाया सोबत असल्या की तशा पोरीला त्या सगळं शिकवतात, घरी आईला वेळ नसतो. विटाळाची झोपडी जावी, पण ती सोबत जाऊ नये असं वाटून मी परत आले.

आता कायद्याचं. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात २००९ मध्ये चंदीगडच्या एका मुलीचा खटला गेला. सरकारी संस्थेतली, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेली, तिथंच अत्याचार होऊन दिवस गेलेली. उच्च न्यायालयानं गर्भपात करा सांगितलं होतं. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ती सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. मला आठवते, हा निकाल मी आमच्या बचत गटात सांगितला तेव्हा निम्म्या बाया न्यायालयावर चिडल्या. "लेकरू कोण सांभाळंल जी?" प्रश्न खोटा नव्हता. तिला आधाराची गरज आहे हे न्यायालयानंही मान्य केलं होतं, पण आधार लागतो म्हणून तिचा निर्णय दुसऱ्यानं घ्यायचा हे मान्य केलं नाही.

मग दिव्यांग हक्क कायदा आला, २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच्या दहाव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे, की समजून-उमजून दिलेल्या तिच्या किंवा त्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता जाईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर करता येणार नाही. त्याच कलमात दुसरं असं, की मूल होणं आणि कुटुंबनियोजन यांची योग्य माहिती त्यांना मिळालीच पाहिजे. म्हणजे नर्सबाईंनी आमच्या ओसरीवर जे केलं, ते आता कायद्यात आहे. आमच्या आईला हे ऐकायला मिळालं नाही.

आणि एक गैरसमज. पोरगं अठरा वर्षांचं झालं की आईबाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा एकाहून जास्त अपंगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्व मागावं लागते. त्याची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली चालते. याच न्यासाची निरामय नावाची विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात बाहेरच्या बाहेर घेतलेली तपासणी-औषधंही बसतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आधी काढून ठेवा.

मी पाळीवरच फार बोलले. पण सज्ञान माणसाचं आरोग्य म्हणजे तेवढंच नाही. डाउन सिंड्रोम असलेल्यांना थायरॉइड कमी पडण्याचा त्रास फार जणांना होतो. धाकटी पस्तिशीला सुस्त झाली, लठ्ठ झाली, आम्ही म्हटलं आळशी झाली. रक्त तपासल्यावर कळलं थायरॉइड. एका लहानशा गोळीनं ती पुन्हा अंगण झाडायला लागली. अशा जणांच्या हृदयाला जन्मतः दोष असू शकतो, कानाला कमी ऐकू येऊ शकते, हिरड्यांचे आजार होतात, आणि विसराळूपणाचा आजार इतरांपेक्षा वीसेक वर्षं आधी येऊ शकतो. दरवर्षी एकदा तपासणी करा. दवाखान्याची भीती असेल तर आधी रिकाम्या हातानं घेऊन जा, नुसतं बाकावर बसून या, चहा पिऊन या. शोधग्रामचा दवाखाना लोकांना विचारून झोपड्यांसारखा बांधला, ते उगीच नाही. धाकटीला आम्ही आधी माझ्या दंडावर रिकामं इंजेक्शन टोचायचं नाटक करून दाखवलं. मग तिनं बाहुलीला टोचलं. मग नर्सबाईंनी तिला टोचलं. रडली, पण हात ओढला नाही.

ती आता पन्नाशीच्या पुढे आहे. पाळी कधीच बंद झाली. पण ती बंद झाली हे तिला कसं सांगायचं, याचा आम्ही विचारच केला नव्हता. पहिले काही महिने ती रोज कपडा बघायची, लाल नाही, म्हणून मला विचारायची, "काय झालं?" मी सांगितलं, संपलं, आता नाही यायची. तिला ते पटलं नाही. दुरडी तिनं अजून हलवू दिलेली नाही. निळ्या काठाचे सहा तुकडे उरलेत, दर आठवड्याला ती ते धुते आणि दोरीवर मागच्या बाजूला वाळत घालते, जिथून रस्ता दिसत नाही तिथं.

पुढच्या मंगळवारी गावच्या आशाताई येणार आहेत, स्तनातली गाठ कशी तपासायची ते सांगायला. धाकटीला मी शेजारी बसवणार आहे.